मुरगळलेला घोटा

आमच्या गावाकडे कबड्डी खेळताना एखाद्या पोराचा पाय मुरगळला, की उपचार ठरलेला : आंबेहळदीचा गरम लेप, तेल लावून चोळणे आणि पाय ओढून ‘नस बसवणे’. मी कलाशाखेचा विद्यार्थी. वैद्यकाचा अधिकार मला नाही. परंतु हा विषय घराघरांतला आहे, म्हणून त्यासंबंधी जे वाचले ते येथे मांडतो.

हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे म्हणजे अस्थिबंध. मोठ्या माणसाचा पाय आत वळला, की बहुधा घोट्याच्या बाहेरचे हे पट्टे ताणतात किंवा फाटतात. वाढत्या वयात गोष्ट निराळी. नडगीच्या व तिच्या शेजारच्या बारीक हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. हाड लांब होते ते तिथून. ही कूर्चा अस्थिबंधाहून नाजूक. जमीन भुसभुशीत असली, की बैलाच्या हिसक्याने दावे तुटत नाही, खुंटा उपटतो, तसेच हे. या इजांचे पाच प्रकार टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ साली मांडले. त्यांतील पहिल्या प्रकारात हाड सरकलेले नसेल, तर एक्स-रेमध्ये काही दिसतही नाही.

माझ्या तेरा वर्षांच्या चुलतभावाचा घोटा दोन दिवस चोळला गेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात एक्स-रे निघाला, तेव्हा नडगीच्या टोकाची कूर्चा दुखावलेली निघाली. चोळणाऱ्या म्हाताऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण मोडीवर चोळणे म्हणजे दुखणे वाढवणे.

मग प्रत्येक मुरगळीला तालुक्याला धावायचे काय? एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी, एक्स-रेचे पैसे; हा प्रश्न आमच्यासारख्यांना खरा आहे. कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली प्रसिद्ध झालेले नियम इथे उपयोगी पडतात. घोट्याच्या बाहेरच्या वा आतल्या हाडाची मागची कड किंवा टोक बोटाने दाबल्यावर दुखते काय? पडल्यावर लगेच, आणि नंतर तपासतानाही, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नाहीत काय? यांपैकी एक जरी ‘होय’ आले, तरी एक्स-रे हवा. नुसत्या सुजेवरून मात्र काही ठरत नाही. पायाच्या मधल्या भागातील दुखण्यासाठी निराळे नियम आहेत.

हाड सरकले नसेल तर काही आठवडे प्लास्टर. सरकले असेल तर भूल देऊन बसवावे लागते, कधी स्क्रूही घालतात. नडगीच्या कूर्चेला इजा असेल, तर प्लास्टर निघाल्यावरही काही महिने तपासणी हवी, कारण वाढ अर्धवट थांबली तर पाय आखूड किंवा वाकडा होऊ शकतो. हेच आमच्याकडे कोणी सांगत नाही. प्लास्टर निघाले, की पोरगा बरा!

साधी मुरगळ असेल तर विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच. पहिल्या दोन दिवसांत शेक व चोळणे नको. दुखणे ओसरले की घोटा हलवावा आणि भिंतीजवळ एका पायावर तोल धरण्याचा सराव करावा. हा सराव टाळून मैदानात उतरलेल्याचा तोच घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक.