प्रदर्शनाचे वासरू आणि हिशेबाची वही

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम तालुका कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मोडतो. या प्रदेशातील उंबळाचेरी जातीचे बैल ठेंगणे, काटक व भाताच्या चिखलात काम करण्यास योग्य असतात. गाई मात्र दूध थोडेच देतात. अशा जातीचे वासरू एखाद्या मुलाने प्रदर्शनासाठी वाढविले, तर ते किफायतशीर ठरेल काय?

याचे उत्तर वहीत शोधावे लागते. वासराची किंमत, पेंड, औषधे व वाहतूक एका बाजूस लिहावी. विक्री व शेणखत दुसऱ्या बाजूस. घरचा पेंढाही फुकट धरू नये. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची मागणी घटली आहे आणि बक्षिसाची आशा जमेस धरता येत नाही. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा, तर शेळीचा १५० दिवसांचा असतो. म्हणून अल्प भांडवल असलेल्या मुलाने शेळीपासून आरंभ करणे इष्ट होय.

अमेरिकेत १९०२ साली ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम यांनी मुलांचे कृषिमंडळ स्थापन केले. त्या परंपरेतून वाढलेल्या फोर-एच चळवळीत हिशेब ठेवणे हा शिक्षणाचाच भाग मानतात. थोडा तोटा होऊनही त्याचे कारण मुलाला उमगले, तर श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही. मात्र त्यासाठी कुटुंबाने कर्ज काढू नये.