सपाट तळव्यांची मुलगी

भारताच्या ईशान्य कोपऱ्यात त्रिपुरा नावाचे लहानसे राज्य आहे. तिन्ही बाजूंनी बांगलादेशाने वेढलेल्या या राज्याची राजधानी आगरतळा. तेथील दुलाल कर्माकर हे वजन उचलण्याच्या खेळाचे प्रशिक्षक. ९ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांच्या घरी दीपाचा जन्म झाला.

मुलगी सहा वर्षांची होते न होते, तोच तिने जिम्नॅस्टिक्स शिकावे असे पित्याच्या मनाने घेतले. दीपाला त्याची मुळीच ओढ नव्हती. ती व्यायामशाळेत गेली ती केवळ वडिलांची इच्छा म्हणून. थोर खेळाडूंच्या कथा बहुधा बालपणीच्या ध्यासापासून सुरू होतात; ही तशी नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

त्यातच एक अडचण निघाली. ओल्या पायाने फरशीवर उभे राहिले, की बहुतेकांच्या पावलाचा ठसा मध्ये आतल्या बाजूने अरुंद उमटतो. कारण तळव्याला आतून कमान असते. दीपाचा तळवा सपाट होता. धावत येऊन उसळी घेताना ही कमान स्प्रिंगसारखी उपयोगी पडते आणि जमिनीवर उतरताना धक्का सोसते. अशा पायांची मुलगी या खेळात कधीही पुढे जाणार नाही, असे तिला सांगण्यात आले. तिचे गुरू बिश्वेश्वर नंदी यांनी मात्र तिच्या पावलांसाठी निराळे व्यायाम योजले. तळव्यांना वळण लावण्याचे ते काम एका दिवसाचे नव्हते. वर्षामागून वर्षे ते चालले. साधनांचीही वाण होती. जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांतून उसळफळी तयार करून मुलांनी सराव केला. पडावे, खरचटावे, उठून पुन्हा रांगेत उभे राहावे, असा क्रम चालू राहिला. २००७ साली जलपायगुडी येथील कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत दीपा विजयी झाली. एव्हाना वडिलांची हौस तिची स्वतःची झाली होती.

लेक काटक आहे, हट्टी आहे, याचे दुलालबाबूंना मोठे कौतुक. परंतु या कौतुकाची खरी परीक्षा पुढेच होती. दीपाने ‘प्रोडुनोव्हा’ ही उडी शिकण्याचे ठरविले. येलेना प्रोडुनोव्हा या रशियन खेळाडूचे नाव त्या उडीला मिळाले आहे. वेगाने धावत येऊन व्हॉल्टच्या उंच मेजावर हात टेकायचे, हवेत उसळून पुढच्या बाजूस लागोपाठ दोन कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचे. क्षणभराची चूक झाली, तर डोके किंवा मान जमिनीवर आपटण्याचे भय. जगात मोजक्याच स्त्रियांनी ही उडी स्पर्धेत साधली होती. ज्या पित्याने मुलीला या वाटेवर आणून सोडले, त्याने अभिमानाबरोबर धास्तीही सोसली असेल, असे म्हणण्यास हरकत नाही. वजन उचलणाऱ्याच्या हाती निदान वजन कमी करणे तरी असते!

२०१४ साली ग्लासगो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत या उडीच्या बळावर दीपाने कांस्यपदक मिळविले. २०१६ साली ती रिओ येथील ऑलिंपिकमध्ये उतरली. तेथे पोचलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. अंतिम फेरीपूर्वी तिचा तेविसावा वाढदिवस आला. पण मन विचलित होऊ नये म्हणून गुरूंनी तिला केवळ आईवडिलांशीच बोलण्याची मोकळीक दिली होती. १४ ऑगस्टला तिने ती अवघड उडी घेतली. उतरताना शरीर फार खाली गेले, तरी ती सावरली. दोन उड्यांचे सरासरी गुण झाले १५.०६६. कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरचे गुण होते १५.२१६. केवळ ०.१५० गुणांनी पदक हुकले. चौथ्या स्थानावर राहिलेल्या दीपाने देशवासीयांची क्षमा मागितली. वस्तुतः क्षमा मागण्यासारखे तिच्या हातून काहीच घडले नव्हते.

पुढे गुडघ्याची शिर तुटली. २०१७ साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली. पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करून तिने २०१८ साली तुर्कस्तानातील मेर्सिन येथे सुवर्णपदक जिंकले. २०२४ च्या मे महिन्यात ताश्कंद येथे व्हॉल्टमध्ये ती आशियाई विजेती ठरली, तेव्हा तिचे वय तीस वर्षांचे होते. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला तिने निवृत्ती जाहीर केली. त्या निवेदनात तिला एका पाच वर्षांच्या मुलीची आठवण झाली. सपाट तळव्यांमुळे तू कधीच जिम्नॅस्ट होणार नाहीस, असे जिला सांगितले गेले होते, तीच ती मुलगी.