दिव्याखाली अंधार

(वीज ही आज प्रत्येक घराची गरज आहे. धूर न करणारी वीज तर सर्वांनाच हवी आहे. परंतु ती तयार करताना कोणाची जमीन जाते, कोणाचे पाणी जाते आणि त्यांना काय मिळते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

कोल्हापुरात संध्याकाळ झाली की रंकाळ्याच्या काठावर दिवे लागतात. त्यांचे प्रतिबिंब पाण्यात हलू लागते. उद्यमनगरातील कारखान्यांत यंत्रे चालू असतात. तिकडे इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रभर थांबत नाही. घरात आई बटण दाबते आणि पंखा फिरू लागतो. ही वीज कोठून येते, असा विचार आपण क्वचितच करतो. वीज गेली म्हणजे मात्र सर्वांना तिची आठवण होते!

आपल्या राज्यातील पुष्कळ वीज अजूनही दगडी कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूर, कोराडी, परळी येथे अशी मोठी केंद्रे आहेत. कोळसा जळाला की धूर होतो, राख उडते. आसपासच्या गावांत ती राख पिकांवर आणि विहिरींत पडते. या धुरातील वायूमुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि पावसाचा नेम राहिलेला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला आलेला महापूर तुमच्या घरातील मोठ्या माणसांना चांगला आठवत असेल.

म्हणून पाणी, वारा आणि ऊन यांपासून वीज करावी, असे आता जगभर ठरत आहे. अशा विजेला हरित ऊर्जा म्हणतात. २०३० सालापर्यंत अशा स्वच्छ विजेची क्षमता ५०० गिगावॉटपर्यंत न्यायची, असे भारताने २०२१ साली जाहीर केले. हे काम चांगले आहे, यात शंका नाही. पण विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या घरी एक म्हण असते, ‘चिराग तले अंधेरा’. मराठीतही आपण ‘दिव्याखाली अंधार’ असे म्हणतो. स्वच्छ विजेच्या दिव्याखालीही अंधार असू शकतो. हा अंधार नवा नाही. तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

पुणे जिल्ह्यात मुळशी नावाचे खोरे आहे. नीला आणि मुळा या नद्यांच्या पाण्यावर तेथे भाताची शेती होत असे. तेथील आंबेमोहोर तांदळाचा सुवास प्रसिद्ध होता. त्या काळी मुंबईच्या अनेक कापड गिरण्या कोळशावर चालत. त्यांना धुराशिवाय वीज मिळावी, म्हणून टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायचे ठरवले. इंग्रज सरकारने १८९४ च्या कायद्याचा आधार घेऊन कंपनीला जमीन मिळवून दिली. ५२ गावांवर आणि सुमारे ११ हजार लोकांवर संकट आले.

मावळ्यांनी जमीन सोडण्यास नकार दिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबले. त्यांचे पुढारी पांडुरंग महादेव बापट हे होते. याच लढ्यामुळे लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. मावळ्यांची घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. या घोषणेतील जान आणि जमीन हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आलेले आहेत. हक्क, कायदा, मोबदला हे शब्दही अरबीतून आले. आपल्या शेतकऱ्याने न्याय मागितला, तो अशा शब्दांत मागितला. तुम्हांला हा पाठ वाचताना परके वाटायचे कारण नाही!

काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झाले. सत्याग्रहींना तुरुंगात टाकण्यात आले. बापटांनी अनेकदा कारावास भोगला. तरीही लढा १९२४ पर्यंत चालला. तो का फसला, हे समजून घेण्यासारखे आहे. खोऱ्यातील बऱ्याच जमिनी कागदोपत्री सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. सावकार पुण्यात राहत, शेत कुळे कसत. सावकारांना जमिनीपेक्षा पैसा प्रिय होता. त्यांनी मोबदला घेतला आणि ते लढ्यातून बाजूला झाले. ज्याचे नाव कागदावर होते त्याला पैसे मिळाले. ज्याचा घाम त्या मातीत पडला होता, त्याच्या हाती फारसे काही आले नाही. १९२७ साली डोंगराखाली भिरा येथे वीजकेंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या.

आता आपल्या जवळच्या कोयनेकडे वळू. कोल्हापूरहून कऱ्हाडला जाऊन पश्चिमेला वळले की पाटण लागते आणि पुढे कोयनानगर येते. स्वातंत्र्यानंतर, १९५४ च्या सुमारास, तेथे धरणाचे काम सुरू झाले. या योजनेची कल्पना मोठी हुशारीची आहे. कोयना नदी पूर्वेकडे वाहत येऊन कृष्णेला मिळते. अभियंत्यांनी तिचे पाणी अडवले आणि बोगद्यांतून पश्चिमेला वळवले. सह्याद्रीच्या पोटातून ते पाणी शेकडो मीटर खाली कोसळते आणि पोफळी येथे भूमिगत केंद्रात यंत्रे फिरवते. नंतर ते वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. आज कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता सुमारे १९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राचे कितीतरी कारखाने या विजेवर उभे राहिले. कोयनेला ‘महाराष्ट्राची भाग्यरेषा’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

पण धरणाच्या पाण्याखाली सुमारे शंभर गावे आली. नऊ हजारांहून अधिक कुटुंबांना घर सोडावे लागले. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. जमिनीचे पैसे हातात पडले की सरकारचे काम संपले, असा तो काळ होता. डोंगरातला माणूस नाचणी, वरी आणि भात पिकवून राहत असे. रोख पैसा त्याने फारसा पाहिलेला नव्हता. मिळालेली रक्कम थोडी होती. ती लवकर संपली. काही कुटुंबे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा दूरच्या जिल्ह्यांत गेली. तेथे ना ओळखीची माती, ना ओळखीची माणसे. काही जणांनी गाव सोडले नाही. ती पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर झोपड्या बांधून राहिली.

त्यांची कहाणी अधिक कठीण आहे. शिवसागर जलाशय भरला तसे जुने रस्ते बुडाले. तापोळा, बामणोली या भागातील कितीतरी गावांना बाजाराला आणि दवाखान्यात जाण्यासाठी लाँचने पाणी ओलांडावे लागू लागले. पावसाळ्यात लाँच बंद पडली की पलीकडचे जग तुटे. ज्या पाण्यापासून मुंबईला वीज मिळाली, त्याच पाण्याच्या काठावरील काही वस्त्यांना विजेच्या दिव्यासाठी कितीतरी वर्षे वाट पाहावी लागली. त्यांच्या घरात रॉकेलची चिमणी जळत राहिली. पुढे १९८५ साली त्या परिसरात अभयारण्य झाले. जंगल राखणे आवश्यकच होते. पण लाकूड तोडणे, गुरे चारणे यांवर बंधने आली, ती याच लोकांवर. २०१० साली तेथे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि गाव सोडण्याची गोष्ट पुन्हा निघाली. एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांना तीन वेळा ‘येथून उठा’ असे ऐकावे लागले, तर त्यांना विकास या शब्दाविषयी काय वाटत असेल?

धरणग्रस्त मात्र गप्प बसले नाहीत. ठिकठिकाणी त्यांच्या संघटना झाल्या. मोर्चे निघाले. त्यामुळे १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. धरणाच्या पाण्याचा ज्यांना लाभ होतो, त्यांच्या जमिनीतून धरणग्रस्ताला जमीन द्यावी, हे तत्त्व या कायद्यात आले. केवळ पैसे देऊन मोकळे होता येणार नाही, हे मान्य झाले. माझ्या मते या राज्यातील धरणग्रस्तांनी मिळवलेला हा फार मोठा विजय आहे. कोयनेचे लोक मात्र कायद्याच्या आधीचे. त्यांच्यापैकी अनेकांची जमीन राहूनच गेली. २०१८ साली, म्हणजे धरणाचे काम सुरू होऊन साठ वर्षे उलटून गेली तेव्हा, त्यांची मुले आणि नातवंडे कोयनानगरला पुन्हा धरणे धरून बसली होती.

कोयनेच्या जलाशयाच्या वर डोंगरमाथ्यावर सपाट पठारे आहेत. त्यांना ‘सडा’ म्हणतात. चाळकेवाडी, वनकुसवडे येथील सड्यांवर वारा सतत घोंघावतो. १९९० नंतरच्या काळात तेथे पवनचक्क्यांचे जंगलच उभे राहिले. सातारा-कोल्हापूरची मुले सहलीला जाऊन ती उंच पाती पाहतात. त्या वेळी पवनचक्क्या उभारणाऱ्यांना करात मोठी सवलत मिळत असे. शेतकऱ्याला मात्र आपल्या खडकाळ सड्याची खरी किंमत ठाऊक नव्हती. ‘येथे गवताशिवाय काय उगवते?’ असे म्हणून अनेकांनी जमीन स्वस्तात विकली. तेथे वारा पिकतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही!

सौर विजेची गोष्ट थोडी वेगळी आहे. राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू आहे. उसाला पाणी पाजण्यासाठी रात्री बॅटरी घेऊन शेतात जाणे किती धोक्याचे असते, हे खेड्यातील मुलांना सांगायला नको. या योजनेत जमीन विकत घेण्याऐवजी भाड्याने घेता येते. २०२३ च्या नव्या टप्प्यात हे भाडे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये ठरले. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. पण अनेक ठिकाणी सौर पाट्या गायरानावर बसवल्या जातात. गायरान कोणा एकाचे नसते, म्हणून ते मोकळे आहे असे कार्यालयात बसून वाटते. गावात गेल्यावर कळते की भूमिहीनाची शेळी, धनगराची मेंढरे आणि गरिबाची म्हैस त्यावरच जगते. भाडे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. मेंढपाळाचे नाव सातबाऱ्यावर कोठे असते? मुळशीच्या कुळांची आठवण येथे होते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अनेक बॅटऱ्यांमध्ये कोबाल्ट नावाचा धातू वापरतात. त्याचा सर्वांत मोठा साठा आफ्रिकेतील काँगो देशात आहे. तेथील काही खाणींत तुमच्या वयाची मुलेही माती उपसतात.

आता कोल्हापूर जिल्ह्यातलीच गोष्ट. भुदरगड तालुक्यात पाटगाव आहे. मौनी महाराजांच्या मठामुळे ते प्रसिद्ध आहे. अलीकडे ‘मधाचे गाव’ म्हणूनही त्याला ओळखतात. तेथे वेदगंगा नदीवर धरण आहे. त्याच्या पाण्यावर भुदरगड, कागल आणि पुढे कर्नाटकातील निपाणीपर्यंतची शेती भिजते. येथे २१०० मेगावॉटचा एक विद्युत प्रकल्प करावा, अशी योजना पुढे आली. त्यात दोन जलाशय असतात, एक उंचावर आणि एक खाली कोकणाच्या बाजूला. दुपारी ऊन असताना सौर वीज भरपूर असते. त्या विजेने खालचे पाणी वर चढवायचे. संध्याकाळी सर्वांच्या घरी दिवे लागले की ते खाली सोडून वीज करायची. हा जणू विजेचा गल्ला आहे. दुपारी भरायचा, रात्री फोडायचा. ऊन मावळल्यावर वीज कोठून आणावी, या अडचणीवर हा एक चांगला उपाय आहे, हे मान्य करायला हवे.

तरीही भुदरगडच्या आणि खालच्या गावांतील लोकांनी या योजनेला विरोध केला. मोर्चे निघाले, सभा झाल्या. योजनेच्या बाजूचे लोक म्हणतात की तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरले जाते, ते कमी होत नाही. गावकरी म्हणतात, पहिल्यांदा जलाशय भरायला पाणी लागेल, ते कोणाच्या वाट्याचे? उन्हाने दरवर्षी जे आटेल, त्याची भरपाई कोठून करणार? जंगल तुटले तर मधमाश्या कोठे जातील? कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेला जाते, हे त्यांना ठाऊक आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एप्रिल-मे महिन्यांत वेदगंगेचे पात्र उघडे पडू लागते. तेव्हा काठावरचा शेतकरी रोज सकाळी नदीवर जाऊन पाणी किती आहे ते पाहतो. त्याला मेगावॉटचा हिशेब येत नसेल, पण पाण्याचा येतो. त्या दोन महिन्यांत नदीत किती पाणी सोडणार, ते लिहून द्या, एवढेच त्याचे मागणे आहे.

शब्दार्थ
कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी; मोबदला – बदल्यात मिळणारी रक्कम; पुनर्वसन – उठवलेल्या लोकांना पुन्हा वसवणे; सडा – डोंगरावरील खडकाळ पठार; गायरान – गावाची गुरे चारण्याची जमीन; सातबारा – जमिनीच्या मालकीचा उतारा; चिमणी – रॉकेलचा लहान दिवा.

स्वाध्याय
१. मुळशीचा सत्याग्रह का फसला?
२. कोयनेच्या काठावर राहिलेल्या लोकांना कोणत्या अडचणी आल्या?
३. जमीन विकणे आणि भाड्याने देणे यांत कोणता फरक आहे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. पाटगावच्या योजनेविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे सांगा. तुम्हांला काय वाटते?
५. पाठातील अरबी-फारसी शब्द शोधा आणि ते उर्दूत लिहा.
६. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा : तुमच्या घरी विजेचा पहिला दिवा केव्हा लागला? त्यांचे उत्तर मराठीत लिहून आणा.