लोगोच्या आधीचं काम

बारावीनंतर ब्रँडिंग शिकायचं आहे, असं मुलीनं किंवा मुलानं जाहीर केलं की बहुतेक घरांत दोन शंका निघतात. चित्रं काढून पोट भरेल का? आणि संगणक क्षणात लोगो काढून देत असेल, तर माणसाला कोण विचारणार? शंका रास्त आहेत, पण दोन्हींमागे एकच समजूत आहे: ब्रँडची ओळख म्हणजे चिन्ह, रंग आणि घोषवाक्य. ही समजूत खरी असती, तर या क्षेत्राच्या वाटेला जाऊ नका, असंच सांगावं लागलं असतं. प्रत्यक्षात व्यवसाय गिऱ्हाइकाला कोणता शब्द देतो आणि तो रोज कसा पाळतो, यातून ओळख घडते. तो शब्द शोधणं, नेमका मांडणं आणि कामाच्या प्रत्येक टप्प्यावर दिसेल असा करणं हा खरा पेशा आहे. निवड करायची ती याचा विचार करून.

लिज्जत पापडाचा इतिहास यासाठी अभ्यासण्याजोगा आहे. १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करत. हलका पापड स्वस्तात विकता यावा, हा हेतू. समाजसेवक छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी त्यांना एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि दर्जात तडजोड न करण्याचा सल्ला दिला. लिज्जतच्या ओळखीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच म्हणावा लागेल आणि त्यात चित्रकलेचा संबंध कुठेही नाही. देणग्या घ्यायच्या नाहीत, काम करणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक, पीठ केंद्रावर मळायचं आणि घरी लाटलेले पापड तपासूनच घ्यायचे, या पद्धतींनी तो शब्द पाळला गेला. अमूलचंही तसंच. जाहिरातीतली ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ साली अवतरली; खेडा जिल्ह्यातला दूध उत्पादकांचा सहकारी संघ १९४६ पासून उभा होता. गावोगावी दूध गोळा करून फॅट तपासून दाम देण्याची शिस्त आधी आली, गोड चेहरा नंतर.

यावर आक्षेप येतो की ही जुनी उदाहरणं झाली. आज पैसा ओतला की हवी ती प्रतिमा उभी करता येते. पैशानं नाव कानावर पडतं, हे खरं. विश्वास मात्र तसा विकत मिळत नाही. ‘गॅप’ या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीनं २०१० मध्ये आपलं ओळखीचं चिन्ह बदललं आणि लोकांची नाराजी इतकी उसळली की आठवड्याभरात जुनं चिन्ह परत आणावं लागलं. चिन्ह बदलण्याआधी गिऱ्हाइकाला सांगण्याजोगं काही बदललं आहे का, हे विचारणारा माणूस प्रत्येक कंपनीला लागतो. चिन्हाचे शंभर नमुने यंत्र देईल. त्यांतला कुठला या व्यवसायाला खरा लागू पडतो, हे ठरवायला कारखाना, दुकान आणि गिऱ्हाईक जवळून पाहावं लागतं. म्हणूनच नुसती सजावट करणाऱ्याच्या कामावर यंत्राचं संकट मोठं आहे. व्यवसाय समजून घेणाऱ्यावर ते तितकं नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: हा धंदा म्हणजे गोड बोलून गळ्यात माल मारणं. तसं करणारे आहेतच. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पर्यावरणाबद्दलच्या पोकळ दाव्यांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२४ मध्ये वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दाव्यामागचा पुरावा आधी मागणारा माणूस म्हणूनच कंपनीच्याही हिताचा ठरतो.

आपल्या भागात या कामाची किती निकड आहे, हे कोल्हापुरी चपलेनं दाखवलं. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. तरीही २०२५ मध्ये ‘प्राडा’ या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या मंचावर तशाच चपला कारागिरांचा उल्लेख न करता मांडल्या, टीका झाल्यावर प्रेरणा कुठली, हे मान्य केलं. मानांकन कायद्याचं संरक्षण देतं. पण अस्सल चप्पल कशी ओळखायची, ती कुणी घडवली, तिची किंमत तेवढी का, हे मुंबईच्या किंवा मिलानच्या गिऱ्हाइकाला कुणीतरी सांगायला हवं. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या, विणकर, काजू आणि कोकमाचे छोटे उद्योग यांच्यापुढेही हाच प्रश्न आहे. चांगला माल करणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांची बाजू खरेपणानं मांडणारी माणसं कमी पडतात.

वाटा अनेक आहेत. दृश्य बाजूकडे ओढा असेल, तर आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी ‘यूसीड’ आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, मुंबईच्या जे. जे. तल्या उपयोजित कलेची परंपराही मोठी आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी विपणनातून, तर भाषा किंवा समाजशास्त्र शिकलेला लेखनातून आणि ग्राहक-संशोधनातून इथे पोहोचतो. चित्रकला कच्ची असणं हा अडसर नाही. माणसांबद्दल कुतूहल नसणं हा आहे. पहिल्या काही वर्षांत पगार बेताचा असू शकतो, त्याची तयारी ठेवावी. खासगी संस्थेची भरमसाट फी भरण्याआधी तिथे कोण शिकवतं आणि मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे काम करतात, याची पालकांनी चौकशी करावी.

त्याहून महत्त्वाची चाचणी आपल्याच परिसरात, बिनखर्चात होते. गावातला एखादा खराखुरा छोटा व्यवसाय निवडा. मालकाशी, कामगारांशी आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांशी बोला. तो व्यवसाय काय शब्द देतो आणि कुठे कमी पडतो, हे दोन पानांत लिहा. मगच नाव, वेष्टन आणि चिन्ह यांचा विचार करा. या चौकशीत मुलगा किंवा मुलगी रमली, तर पालकांनी निर्धास्त होऊन पाठीशी उभं राहावं. फक्त चिन्हाच्या रेखाटनात रमली, तर चित्रकलेचा मार्ग वेगळा आहे आणि तोही सन्मानाचाच आहे. निर्णय घेण्याआधी हा फरक कळणं, हेच खरं मार्गदर्शन.