डिझेल एंजिनाचा पंप : दोषपरीक्षा व बदल

महागावाकडे हरभऱ्याच्या ऐन ओलितात विहिरीवरील एंजिन बंद पडल्यास पंपच बिघडला असे एकदम मानू नये. प्रथम टाकी, फिल्टर पाहावे. नंतर पंपावरील हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. पंपाची रॅक मोकळी सरकते, हेही पाहावे. मग नॉझलकडील नळीचा नट सैल करून हँडल फिरवावे. तेथे डिझेल उसळी मारीत नसेल, तर दोष पंपात आहे असे समजावे. त्यातील दट्ट्या व नळकांडे एकमेकांस अचूक घासून बसविलेले असतात. झिजल्यास ही जोडी, म्हणजे एलिमेंट, एकत्रच बदलावी. पंपाखालील शिम होते तितकेच घालावे. अन्यथा डिझेल सुटण्याची वेळ चुकते. नॉझलच्या फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो.