शेतावरील कुत्रा : त्याची निगा व शिक्षण

शेतकऱ्याच्या दावणीस असणाऱ्या बैल, गाय, म्हैस या जनावरांविषयी शेतकी मासिकांतून पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्याच अंगणात रात्रभर जागणारा, खळ्यावरील भाताची रास राखणारा व उरल्यासुरल्या भाकरीवर संतुष्ट राहणारा कुत्रा लेखकांच्या दृष्टीतून बहुधा सुटतो. आमची हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. सात-बाराच्या उताऱ्यावर विहिरी येतात, झाडे येतात. पशुगणनेत कुत्र्यांचीही मोजदाद होते. पण पाळलेल्या कुत्र्याची व्यवस्था कशी ठेवावी, याची नोंद आम्ही स्वतः कधी केली नव्हती. ही चूक आम्हास कशी उमगली, ते प्रथम सांगणे उचित होईल.

धाटाव येथे आमच्या घरी काळू नावाचा गावठी कुत्रा आहे. तीन वर्षांपूर्वी भाताच्या झोडणीचे दिवस होते. काळूस आम्ही दिवसभर आखूड साखळीने खळ्याच्या खांबास बांधीत असू, कारण बांधलेला कुत्रा अधिक तिखट होतो अशी आमची समजूत होती. शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा चेंडू घेण्याकरिता त्याच्या जेवणाच्या थाळीपाशी गेला आणि काळूने त्याची पोटरी धरली. जमलेल्यांपैकी कोणी चुना आणावयास धावले, कोणी तिखटाची पूड. सुदैवाने आमचा भाचा त्या दिवशी घरी आला होता. कुत्र्यांचे केस विंचरणे, कापणे व त्यांस स्नान घालणे हाच त्याचा शहरातील व्यवसाय आहे. त्याने सर्वांस बाजूस सारून मुलास नळाखाली बसविले, साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुतली, व मग त्यास रुग्णालयात नेले. तेथे डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "कुत्र्यास लस दिली आहे काय?" आम्ही चाळीस वर्षांच्या शेतसाऱ्याच्या पावत्या जपून ठेवणारे, पण या प्रश्नास आम्हापाशी उत्तर नव्हते.

मुलाची लस त्याच दिवशी सुरू झाली. कुत्र्यास दहा दिवस नजरेखाली ठेवावे असे ठरले. ते दहा दिवस मुलाची आई रोज सकाळी आमच्या पायरीशी येऊन एवढेच विचारी, "भाऊ, आज जेवला का तो?" काळू रोज जेवला, व मुलासही पुढे काही झाले नाही. परंतु तो प्रश्न आम्ही विसरलो नाही. भाच्याने जाता जाता म्हटले, "मामा, काळूचा दोष थोडा आहे. बांधून बांधून तुम्हीच त्याला चावायला शिकवलंत." पुढे त्याच्याकडून व पशुवैद्यांकडून जे शिकलो, ते शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने देत आहो.

रोजची तपासणी

निगेचा आरंभ कात्रीने किंवा साबणाने होत नसून हाताने होतो. रोज सायंकाळी पाच मिनिटे कुत्र्याच्या मस्तकापासून शेपटीपर्यंत हात फिरवावा. गाठ, जखम, काटा, गोचीड यांपैकी जे असेल ते बोटांस आपोआप लागते. शिवाय कुत्र्यास माणसाच्या स्पर्शाची सवय होते, आणि आजारपणात पशुवैद्याने हात लावला असता तो अंगावर येत नाही. पिल्लू आणल्या दिवसापासून त्याचे पंजे, कान व ओठ हाताळावे. मोठेपणी याचे फळ मिळते.

गावठी कुत्र्याचे केस आखूड असले तरी आठवड्यातून दोनदा विंचरावे. मेलेले केस निघतात व कातडीस वारा लागतो. उन्हाळ्यात कुत्र्यास थंड वाटावे म्हणून सर्व केस भादरण्याची चूक कोणी करू नये. केस हे त्याचे उन्हापासूनचेही आच्छादन आहे. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर घालवितो. म्हणून उन्हाळ्यात त्यास सावली व ताजे पाणी ही दोन मिळालीच पाहिजेत.

गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, पिळू नये, व बोटांनी चिरडू नये. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात टाकावी. गोचिडींपासून कुत्र्यास ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात व उपचार न झाल्यास तो दगावतो. गोठ्यात गोचीड असेल तर कुत्र्यावर ती पुनःपुन्हा चढणारच. सबब गोठ्याच्या भिंतींच्या फटी व कुत्र्याची निजावयाची जागा ही दोन्ही स्वच्छ करावी. गुरांकरिता आणलेले औषध अंदाजाने कुत्र्यास लावू नये, कारण कुत्रा अंग चाटतो व औषध पोटात जाते. रॉकेल व फिनेल यांचा कुत्र्याच्या अंगास स्पर्शही होऊ देऊ नये.

स्नान, कान व नखे

तीन-चार आठवड्यांतून एकदा स्नान पुरेसे होते. वरचेवर धुतल्याने कातडीचे तेल जाऊन खाज सुटते. माणसाचा साबण कुत्र्याच्या कातडीस मानवत नाही. कुत्र्यांसाठी मिळणारा सौम्य साबण वापरावा. आधी विंचरावे, मग कोमट पाण्याने मानेपासून मागे भिजवावे, व तोंड शेवटी ओल्या फडक्याने पुसावे. कानांत पाणी जाऊ देऊ नये. साबणाचा अंश राहू न देता अंग पूर्ण कोरडे करावे. आमच्या कोकणातील दमट हवेत ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ओले राहिलेले अंगच पुढे खाजेचे व दुर्गंधीचे कारण होते. कारखान्यांच्या किंवा गटाराच्या नाल्यात कुत्र्यास पोहू देऊ नये.

कुत्रा वारंवार मान झटकीत असेल किंवा कानास घाण येत असेल, तर कानात काडी न घालता पशुवैद्यास दाखवावे. शेतात फिरणाऱ्या कुत्र्याची नखे जमिनीवर घासून झिजतात. परंतु पुढील पायांच्या आतील बाजूस असलेले अंगठ्याचे नख जमिनीस लागत नाही. ते वाढून वाटोळे होते व मांसात शिरते. हे नख महिन्यातून एकदा अवश्य पाहावे. पांढऱ्या नखात गुलाबी जिवंत भाग दिसतो, त्याच्या अलीकडे कापावे. काळ्या नखात तो दिसत नाही, म्हणून अगदी थोडे थोडे छाटावे. चुकून रक्त आल्यास कोरडे पीठ चिमटीने दाबून धरावे. कापणीनंतर भाताच्या धसकटांनी पंजे फाटतात. त्या दिवसांत बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्या.

पावसाळा व लस

भातखाचरात उंदीर असतात व उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात, हे कोकणच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. हा रोग माणसाप्रमाणे कुत्र्यासही होतो, आणि रोगी कुत्र्याच्या मूत्रातून तो घरातील माणसांसही होऊ शकतो. ताप, वांती व डोळ्यांत पिवळेपणा दिसताच वेळ दवडू नये. अशा कुत्र्याचे मूत्र उघड्या हाताने साफ करू नये. या रोगावर कुत्र्यांसाठी लस आहे. पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यास विचारून ती द्यावी.

पिसाळण्याच्या रोगाची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाले की द्यावी, नंतर एका वर्षाने पुन्हा, व पुढे पशुवैद्याने सांगितल्याप्रमाणे ठराविक मुदतीने देत राहावी. लसीचा कागद शेतसाऱ्याच्या पावतीइतकाच जपून ठेवावा. जंताचे औषधही वेळोवेळी द्यावे. कुत्रीस पिल्ले नको असल्यास शस्त्रक्रिया करून घ्यावी. सुमारे त्रेसष्ट दिवसांत विणारी कुत्री एका वेताला अनेक पिल्ले देते, आणि बाजाराच्या वाटेवर सोडलेली हीच पिल्ले पुढे बिनलसीची भटकी कुत्री होतात.

अन्न

तांदळाची भाकरी अगर भात हे एकटे कुत्र्यास पुरत नाही. त्यात अंडे, मासळी किंवा मांसाचा अंश असावा. मीठ-मसाला नसावा. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात, म्हणून कांद्याचे कालवण भातावर ओतून देण्याची सर्वत्र आढळणारी रीत बंद करावी. अलिबागचा पांढरा कांदा आपणास कितीही गोड लागो, कुत्र्यास तोही वर्ज्यच. द्राक्षे, मनुका व चॉकलेट हेही त्यास अपायकारक आहेत.

हिवाळ्यात आपल्याकडे वालाच्या शेंगांची पोपटी लागते. मडक्यात शेंगांबरोबर कोंबडी शिजते व पाहुणे प्रेमाने हाडे कुत्र्यापुढे टाकतात. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात व त्या घशात वा आतड्यात रुततात. पाहुण्यांस हे आधीच सांगून ठेवावे. कच्ची आतडी-काळीज घालू नये, त्यातून जंत होतात. उंदरांचे विष शेतात टाकावयाचे असेल तेव्हा कुत्रा बांधून ठेवावा व मेलेले उंदीर गोळा करून पुरावे.

शिक्षण

'यू यू' ही हाक गावातील सर्व कुत्र्यांची आहे. शिक्षणास उपयोगी पडते ते नाव. नाव दोन अक्षरांचे असावे, व ते रागाने कधीही उच्चारू नये. घरातील सर्व माणसांनी एका कामास एकच शब्द वापरावा. एकाने 'बस', दुसऱ्याने 'खाली' म्हटले तर कुत्रा दोहोंपैकी काहीच शिकत नाही. 'ये', 'बस', 'थांब', 'सोड' हे चार शब्द शेतावरील कुत्र्यास पुरे आहेत.

कृती घडताच त्याच क्षणी घास द्यावा. उशिरा दिलेल्या घासाचा संबंध कुत्र्यास कळत नाही. 'बस' शिकविताना घास नाकासमोर धरून मागे, डोक्यावर न्यावा. मान वर होताच मागचे अंग आपोआप टेकते; तत्क्षणी शब्द उच्चारून घास द्यावा. पाठ पाच मिनिटांचा, दिवसातून दोनदा, व जेवणापूर्वी असावा. बोलावल्यावर आलेल्या कुत्र्यास, मग तो कितीही उशिरा येवो, मारू नये. मारल्यास 'ये' या शब्दाचा अर्थ त्याच्या मनात 'मार' असा होतो. मारलेला कुत्रा शूर होत नाही, भित्रा होतो, आणि दंश बहुधा भित्र्या कुत्र्याचाच होतो. पिल्लू तीन आठवड्यांपासून सुमारे तीन महिन्यांचे होईपर्यंत त्यास मुले, म्हातारी माणसे, गुरे, ट्रॅक्टर यांची ओळख शांतपणे करून द्यावी.

मुलांनी गंमत म्हणून 'छू' करून कुत्रा कोणाच्याही अंगावर सोडू नये. जेवणाऱ्या, निजलेल्या व पिल्लांजवळच्या कुत्र्यास हात लावू नये. काळूचा थाळीचा राग आम्ही असा घालविला : तो जेवत असता दूर उभे राहून थाळीत अधिक चांगला तुकडा टाकावा, व दर दिवशी अर्धे पाऊल जवळ जावे. माणूस जवळ आला की अन्न जाते, हा त्याचा समज दीड महिन्यात पालटला. साखळी दिवसाची सुटली व सकाळ-सायंकाळ फिरणे सुरू झाले. राखणीत तिळमात्र उणे पडले नाही. उलट पूर्वी तो पानाच्या सळसळीवरही भुंकत असे, आता कारणाशिवाय भुंकत नाही.

दंश झाल्यास

पिसाळलेल्या जनावराची लक्षणे एकदा माणसात प्रकट झाली म्हणजे मृत्यू जवळजवळ अटळ असतो; परंतु त्यापूर्वी पूर्ण उपचार झाल्यास रोग टळतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम ही लस टोचली. आपल्या देशात कसौली येथे १९०० साली पाश्चर संस्था निघाली. पोटात चौदा सुया घेण्याची जुनी भीती अद्याप गावोगाव आहे. ती पद्धत बंद झाली असून आता दंडात लस देतात. कातडीत द्यावयाच्या लसीचे दिवस पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ व २८ असे आहेत. जखम खोल असल्यास जखमेत द्यावयाचे वेगळे इंजेक्शनही लागते.

दंश, ओरखडा, किंवा फुटलेल्या कातडीस लाळ, यांपैकी काहीही झाले तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे व तत्काळ रुग्णालय गाठावे. चुना, तिखट, हळद, तेल काही लावू नये. कुत्र्यास दहा दिवस नजरेखाली ठेवावे, मारून टाकू नये. मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबणीवर टाकू नये. लस चालू केल्यावर मधला दिवस चुकवू नये.

आता आमच्या दप्तरात जमिनीच्या कागदांशेजारी काळूची एक वही आहे. तीत लसीची तारीख, जंताचे औषध, नखे पाहिल्याचा दिवस, एवढ्याच नोंदी आहेत. वर्षाकाठी या वहीस आमची दोन तासांहून अधिक वेळ लागत नाही. प्रत्येक शेतकरी बंधूने अशी वही आजच घालावी, अशी आमची विनंती आहे. शेजारचा तो मुलगा आता बारा वर्षांचा असून काळूस नावाने हाक मारतो व काळू शेपटी हलवीत त्याच्याकडे जातो. तथापि काळू जेवत असता तो मुलगा जवळ जात नाही, आणि आम्हीही त्यास जाऊ देत नाही.