बाहेरचे जेवण : आठवड्यातून किती वेळा?

वर्षभराच्या कार्याचा आढावा व जमाखर्च यांच्या जोडीने आरोग्यविषयक एक अभ्यासलेख आपल्या हाती देताना आम्ही यंदा प्रत्येक घराशी निगडित असा विषय निवडला आहे : उपाहारगृहातील जेवण आणि दीर्घकालीन आरोग्य.

एके काळी बाहेर जेवणे म्हणजे प्रवास, सण किंवा एखादा आनंदाचा प्रसंग. आता नोकरीच्या वेळा, जाण्यायेण्यात खर्ची पडणारे तास, शिक्षणासाठी घरापासून दूर राहणारी मुले आणि दूरध्वनीवरून मागवताच दारात येणारे जेवण यांमुळे अनेक कुटुंबांत तो नित्यक्रम झाला आहे. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. याचे सारे खापर उपाहारगृहांवर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि या दोहोंतील संबंध तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत १९८५-८६ पासून तरुण स्त्रीपुरुषांच्या एका मोठ्या गटाचे निरीक्षण करण्यात आले. त्यांतील ३,०३१ जणांचे निष्कर्ष २००५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा फास्ट फूड खाणाऱ्यांचे वजन १५ वर्षांत, एकापेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांच्या तुलनेत, ४.५ किलोंनी अधिक वाढले. इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याची प्रवृत्तीही त्यांच्यात दुपटीने वाढली होती. मधुमेहाचा उगम याच प्रवृत्तीत असतो.

सिंगापूरमधील चिनी वंशाच्या मध्यमवयीन व वृद्ध नागरिकांचा अभ्यास २०१२ साली प्रकाशित झाला. पाश्चात्त्य धर्तीचे फास्ट फूड आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका २७ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका ५६ टक्क्यांनी अधिक आढळला. विशेष म्हणजे ही मंडळी इतरांपेक्षा वयाने तरुण, अधिक शिकलेली आणि धूम्रपान कमी करणारी होती.

२०२१ साली अमेरिकेतील ३५,०८४ प्रौढांचा अभ्यास पुढे आला. दिवसातून दोन किंवा अधिक वेळा बाहेरचे जेवण घेणाऱ्यांत, आठवड्यातून एकदाही क्वचितच घेणाऱ्यांच्या तुलनेत, कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका ४९ टक्क्यांनी अधिक होता. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. शंभरांपैकी ४९ जण दगावतात, असा तो नव्हे. ज्या काळात एका गटात दहा मृत्यू होतील, त्याच काळात तेवढ्याच लोकांच्या दुसऱ्या गटात सुमारे पंधरा होतील, एवढाच त्याचा आशय आहे. शिवाय असे अभ्यास दोन गोष्टींतील संबंध दाखवतात. त्यांतून कारण निर्विवाद सिद्ध होत नाही. मात्र वेगवेगळ्या देशांतील निष्कर्ष एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हा त्यांची दखल घेणे शहाणपणाचे ठरते.

कारणे कोणती?

पहिले कारण ताटाचा आकार. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाच देशांतील उपाहारगृहांतले पदार्थ प्रयोगशाळेत तपासण्यात आले. त्यांत आपल्या बंगळूरचाही समावेश होता. टेबलावर वाढून मिळणाऱ्या जेवणांपैकी ९४ टक्के आणि फास्ट फूडपैकी ७२ टक्के जेवणांत ६०० किंवा अधिक किलोकॅलरी आढळल्या.

दुसरे कारण मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे जेमतेम एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. रस्सा, लोणचे, पापड आणि चटण्या एका ताटात आल्या की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

तिसरे कारण तेल. तेच तेल पुनःपुन्हा तापवल्याने त्यात अपायकारक घटक साठतात. म्हणूनच तळणीच्या तेलातील अशा घटकांवर २०१८ पासून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. गाडीवर उभे राहून वडा खाणाऱ्याला मात्र कढईतले तेल कितव्यांदा तापले आहे, हे कळण्यास मार्ग नसतो.

'बाहेरचे' म्हणजे नेमके काय?

घराबाहेर शिजलेले सारेच अन्न एका मापाने मोजू नये. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांनी गिरणी कामगारांच्या पिढ्या पोळी, भाजी, आमटी, भातावर पोसल्या. याच स्त्रियांना संघटित करण्यासाठी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन झाले. डबेवाल्यांची परंपरा तर १८९० पासूनची आहे. ज्याला घरी स्वयंपाक करणे शक्य नाही, त्याला साध्या जेवणाची मेस, पोळीभाजी केंद्र किंवा डबा हा आजही उत्तम पर्याय आहे.

काय करावे?

१. मागील आठवड्यात तयार जेवण किती वेळा घेतले, याची नोंद करावी. घरी मागवलेलेही त्यात धरावे. संख्या चार असेल तर प्रथम दोनवर आणावी.

२. बाहेर जेवताना डाळ, उसळ, लोणी न लावलेली रोटी व कोशिंबीर यांना प्राधान्य द्यावे. शीतपेयाऐवजी साधे पाणी घ्यावे. एक भाजी दोघांत वाटून घ्यावी.

३. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांपुढे उष्मांक छापणे २०२२ पासून बंधनकारक आहे. तो आकडा वाचण्याची सवय लावावी.

४. जेवणापूर्वी इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते घरून टोचून निघू नये. जेवण येण्यास उशीर झाल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. वेळेबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

५. रुग्णासोबत दिवसेंदिवस राहणाऱ्या नातेवाइकांची बहुधा वडापाव आणि चहावरच गुजराण होते. शुश्रूषा करणाऱ्याला स्वतःचाही रक्तदाब असतो. आप्तेष्टांनी भेटीला येताना मिठाईऐवजी डबा आणावा, अशी आमची विनंती आहे.

वर्षातून काही प्रसंगी सहकुटुंब बाहेर जेवण्याचा आनंद कोणी सोडावा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तो प्रसंग प्रसंगच राहावा, त्याची सवय होऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे. वाचकांनी हा लेख घरातील तरुण मंडळींनाही आवर्जून वाचून दाखवावा.